शेवाळाची साठवण

शेवाळ हा शब्द आपल्याकडे फारशा आदराने उच्चारला जात नाही. पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर ते धरले, की घरातल्या वडीलधाऱ्यांना जपून चालायला सांगावे लागते. विहिरीच्या पायऱ्यांवर ते दिसले, की कोण कधी घसरले याच्या हकिकती निघतात. आणि भिंतीवर त्याचा हिरवा पट्टा उमटला, की गवंड्याला निरोप जातो. निरुपयोगी वस्तूंची यादी करायला बसलो तर पुष्कळजण तिच्यात शेवाळाचे नाव पहिल्या पाचांत घालतील. परंतु याच कुळातली एक वनस्पती अशी आहे, की जिने पहिल्या महायुद्धात लाखो जखमा झाकल्या, जी आज सांगोल्याच्या डाळिंबाच्या कलमांना मुळे फुटेपर्यंत ओलावा पुरवते, आणि जिच्या हजारो वर्षांच्या थरांत पृथ्वीच्या हवामानाचा एक मोठा हिशेब जमा आहे. तिचे शास्त्रीय नाव स्फॅग्नम. बागाईतदार तिला नुसते ‘मॉस’ म्हणतात, आणि तिच्यापासून बनणाऱ्या मातीसारख्या तपकिरी पदार्थाला ‘पीट’ किंवा ‘पीट मॉस’. या वनस्पतीचे गुण कोणते, त्यांचा उपयोग कसा करावा आणि कोठे करू नये, हे आज सांगायचे आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करू. मराठीत आपण डबक्यावर तरंगणाऱ्या हिरव्या तवंगालाही शेवाळ म्हणतो आणि कौलांवर मखमलीसारख्या पसरणाऱ्या झाडोऱ्यालाही शेवाळच म्हणतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन निराळी कुळे आहेत. पहिले शैवल, दुसरी हरिता. हरितेला बारीक खोड असते, इवलीशी पाने असतात, पण खरी मुळे नसतात. स्फॅग्नम ही हरिताच होय. थंड आणि पाणथळ प्रदेशात, जेथे पाणी साचते पण त्यात क्षार फार नसतात, अशा जागी तिचे गालिचे पसरतात. कॅनडा, रशिया, स्कॉटलंड, आयर्लंड, बाल्टिक समुद्राकाठचे देश ही तिची मोठी माहेरघरे. आपल्या देशात ती दार्जिलिंग आणि सिक्कीमच्या उतारांवर, तसेच मेघालयाच्या डोंगरांत आढळते. कलकत्ता विद्यापीठातील हिरेंद्रचंद्र गांगुली यांनी पूर्व भारतातील हरितांवर जो मोठा ग्रंथ १९६९ ते १९८० या काळात भागाभागांनी प्रसिद्ध केला, त्याचा आरंभच या स्फॅग्नमपासून होतो.

आता तिचा मुख्य गुण पाहू. स्फॅग्नमचे पान सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर त्यात दोन प्रकारच्या पेशी दिसतात. एक अरुंद, हिरव्या, जिवंत. सूर्यप्रकाशात अन्न तयार करण्याचे काम त्यांच्याकडे. दुसऱ्या मोठ्या, पारदर्शक आणि रिकाम्या. या पेशी लवकरच मरतात आणि त्यांच्या भिंतींना छिद्रे पडतात. आत मळसूत्रासारखे तंतू असतात, त्यामुळे पेशी वाळली तरी चेपत नाही. या मृत पेशी म्हणजे पाण्याचे रांजणच. पाऊस पडला की छिद्रांतून पाणी आत शिरते आणि तेथेच थांबते. कोरडे स्फॅग्नम आपल्या वजनाच्या पंधरा ते वीस पट पाणी धरून ठेवू शकते. कापसाला साधारण पाच-सहा पटींपर्यंतच मजल मारता येते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण या वनस्पतीने अक्षरशः खरी करून दाखवली आहे, कारण तिचे तळे तिच्या पानातच असते. आणि लक्षात घ्या, की हे काम करतो तो तिचा मेलेला भाग. जिवंत पेशींपेक्षा मृत पेशींनीच या वनस्पतीला मोठेपणा मिळवून दिला आहे.

दुसरा गुण आम्लतेचा. स्फॅग्नमच्या पेशीभित्तिका पाण्यातील कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखी द्रव्ये शोषून घेतात आणि त्यांच्या बदल्यात पाण्यात आम्लता सोडतात. त्यामुळे तिच्या आसपासचे पाणी आंबट होत जाते, आणि ज्या जीवाणूंनी मेलेला पाला कुजवावयाचा, त्यांना तेथे टिकाव धरणे कठीण होते. शिवाय साचलेल्या पाण्यात प्राणवायू नाही, आणि प्रदेश थंड. परिणाम असा होतो, की ही हरिता वरच्या टोकाने वाढत राहते, खालच्या टोकाने मरत जाते, पण मेलेला भाग कुजून नाहीसा होत नाही. तो थरावर थर साचून दबतो. हाच पीट. तो साचण्याचा वेग वर्षाला सरासरी एखादा मिलिमीटर असतो; म्हणजे पुरुषभर उंचीचा थर तयार व्हायला दीड-दोन हजार वर्षे लागतात. अशा थरात काय टिकून राहते याचा दाखला डेन्मार्कमध्ये १९५० साली मिळाला. टोलुंड येथे पीट खणणाऱ्यांना एक मनुष्यदेह सापडला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, हनुवटीवरचे खुंट, डोक्यावरची चामड्याची टोपी, सारे इतके शाबूत होते की खुनाचा संशय येऊन पोलिसांना वर्दी गेली. तो माणूस सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचा निघाला!

श्रोतेहो, येथे एक भेद पक्का करून ठेवू, कारण पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. उपटून वाळवलेले स्फॅग्नम ही एक वस्तू, आणि त्याच्या खाली हजारो वर्षे साचलेला पीट ही दुसरी. पहिली वस्तू म्हणजे झाडाचे फळ. बेताने तोडले तर काही वर्षांनी पुन्हा येते. दुसरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव. एकदा काढली की आपल्या हयातीत, किंबहुना आपल्या पणतवंडांच्या हयातीतही, भरून येणारी नव्हे. बाजारात मात्र दोन्हींना सर्रास एकाच नावाने हाक मारली जाते.

पहिल्या वस्तूचा सर्वांत गाजलेला उपयोग युद्धकाळातला. जर्मनीतील कील येथील शस्त्रवैद्यांनी १८८० नंतरच्या दशकातच जखमांवर पीट आणि मॉस वापरून पाहिले होते. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि कापसाची टंचाई पडू लागली, कारण कापूस हा केवळ कापडाचा किंवा मलमपट्टीचा माल राहिला नव्हता. त्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तोफांची दारू बनत होती. तेव्हा एडिंबरोचे शस्त्रवैद्य चार्ल्स कॅथकार्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फोर यांनी स्फॅग्नमकडे लक्ष वेधले. स्कॉटलंडच्या दलदलींतून स्त्रिया आणि मुले ते गोळा करू लागली. निवडून, वाळवून, मलमलीच्या पिशव्यांत शिवून ते रणांगणावर जाऊ लागले. १९१८ पर्यंत ब्रिटनमध्ये महिन्याला सुमारे दहा लाख पट्ट्या तयार होत होत्या. मॉस कापसाच्या कित्येक पट रक्त आणि पू शोषून घेई, पट्टी वरचेवर बदलावी लागत नसे, आणि आम्लतेमुळे जंतूंची वाढही मंदावे. जो कापूस माणसे मारण्याच्या कामाला लागला, त्याची जागा दलदलीतल्या शेवाळाने माणसे वाचवण्यासाठी घेतली, ही त्या युद्धाच्या इतिहासातील एक विलक्षण नोंद आहे.

शांततेच्या काळातला उपयोग त्याहून साधा आणि आपल्या अधिक जवळचा आहे. गुटी कलम हा शब्द महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना सांगावयास नको. गंमत अशी, की बंगालीतही त्याला ‘गुटी कलम’च म्हणतात. कोलकात्याच्या दक्षिणेस बारुईपूरच्या बागांतून पेरू आणि लिची यांची कलमे अशीच बांधली जातात, आणि सोलापूर जिल्ह्यात सांगोल्याकडे डाळिंबाची. फांदीवरची अंगठीएवढी साल गोलाकार काढावयाची, तेथे मुळे फुटण्यास उत्तेजन देणारे द्रव्य लावावयाचे, त्याभोवती ओले करून पिळलेले मॉस मुठीएवढे बांधावयाचे आणि वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळावयाचा. महिना-दीड महिन्यात त्या पारदर्शक कागदातून पांढरी मुळे दिसू लागतात. मॉस ओलावाही देते आणि त्यातून हवाही खेळते. चिखलाने पहिले साधले तरी दुसरे साधत नाही. हीच युक्ती ऑर्किडची रोपे लांबच्या प्रवासाला पाठवताना कामी येते.

कुंडीतल्या मातीत मिसळण्यासाठी वापरतात तो पीट. तो हलका असतो, पाणी धरतो, बी रुजवण्यासाठी त्याच्यासारखे मऊ अंथरूण दुसरे नाही, आणि अझेलिया, कॅमेलिया यांसारख्या आंबट मातीच्या झाडांना तो मानवतो. पण त्याच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. पहिली म्हणजे, त्यात पोषण जवळजवळ नाही. खत निराळे द्यावेच लागते. दुसरी, इतर झाडांसाठी त्याची आम्लता चुन्याने कमी करावी लागते. तिसरी चमत्कारिक आहे: पीट एकदा पूर्ण वाळला की पाणी घेण्याऐवजी ते झिडकारतो, कोमट पाणी घालून हाताने मळल्याशिवाय तो पुन्हा भिजत नाही. चौथी कोलकात्यासारख्या शहरांसाठी आहे. जेथे चार महिने हवा पाण्याने जड असते, तेथे पाणी धरून ठेवणारे साधन मुळांना गुदमरवते. म्हणूनच येथले जुने बागवान ऑर्किडच्या कुंडीत विटांचे तुकडे आणि कोळसा घालतात, आणि गच्चीवरच्या डेलिया-शेवंतीला पालापाचोळ्याचे खत व मोहरीची पेंड देतात. पाचवी गोष्ट प्रकृतीची. मॉस आम्लधर्मी असले तरी ते निर्जंतुक नव्हे. १९८८ साली अमेरिकेत स्फॅग्नममध्ये बांधलेली रोपे हाताळणाऱ्या ८४ जणांना त्यातील एका बुरशीमुळे त्वचेचा विकार जडला होता. हाताला जखम असेल तर हातमोजे घालूनच मॉसला हात लावावा.

पीटच्या बाबतीत आपल्या देशातील एक चांगले उदाहरण जिवाणू खतांचे आहे. सोयाबीन किंवा हरभरा पेरण्यापूर्वी बियाण्याला जे रायझोबियमचे खत चोळतात, त्यात जिवाणू जिवंत राखण्यासाठी एखादे भुकटीसारखे माध्यम लागते. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी पीट वापरला जाई. आपल्याकडे चांगला पीट विपुल नाही, म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी लिग्नाइट आणि लोणारी कोळसा यांची भुकटी उपयोगात आणली, आणि काम अडले नाही. ज्याच्यावाचून चालणार नाही असे वाटते, त्याच्यावाचून पुष्कळदा चालते, एवढा बोध यातून घ्यावयाचा.

आपल्याकडे पीट विपुल नाही असे म्हणालो, पण कोलकात्याच्या रहिवाशांच्या पायाखाली मात्र पीट आहे! फोर्ट विल्यमच्या आवारात १८३५ ते १८४० या काळात ४८१ फूट खोल विंधण घेण्यात आले. त्यात जमिनीखाली सुमारे तीस फुटांपासून लाकडाच्या तुकड्यांसह पीटचा थर लागला. पुढे शियालदाजवळ तलाव खणताना झाडांचे बुंधे उभेच्या उभे सापडले. लाकूड सुंदरीचे निघाले. ज्या झाडांमुळे सुंदरबन हे नाव पडले असे मानतात, तेच हे झाड. भरती-ओहोटीच्या पाण्यात वाढणारे हे झाड समुद्रसपाटीच्याही खाली गाडलेले सापडावे, याचा अर्थ उघड आहे. आज जेथे ट्रामचे रूळ आहेत तेथे काही हजार वर्षांपूर्वी खारफुटीचे अरण्य होते, जमीन खचत गेली आणि त्यावर नदीचा गाळ बसला. १९८४ साली सुरू झालेल्या भुयारी रेल्वेच्या खोदकामातही या पीटचे नमुने मिळाले आणि त्यातील परागकणांवरून शास्त्रज्ञांनी त्या अरण्याचे चित्र पुन्हा उभे केले.

हा पीट शेवाळाचा नव्हे, लाकडाचा आणि पाल्याचा आहे. पण तो टिकला त्याचे कारण तेच: पाण्याखाली हवा पोचली नाही. मग हा पीट खणून बागेत घालावा का? मुळीच नाही. खारफुटीच्या पीटमध्ये गंधकाची संयुगे साठलेली असतात. हवा लागताच त्यांतून गंधकाम्ल बनते आणि झाड वाचण्याऐवजी जळते. ज्या हवेविना पीट टिकतो, तीच हवा मिळाली की तो बिघडतो.

साऱ्या जगाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पीटच्या भूमी पृथ्वीच्या जमिनीपैकी अवघ्या तीन टक्क्यांच्या आसपास आहेत, पण त्यांत जगातील सर्व अरण्यांच्या झाडांत मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून अधिक कार्बन साठलेला आहे. दलदलीत चर खणून पाणी काढून टाकले की हवा आत शिरते, थांबलेले कुजणे सुरू होते आणि हजारो वर्षांची साठवण कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने वातावरणात जाऊ लागते. इंडोनेशियात १९९७ साली आणि पुन्हा २०१५ साली अशा कोरड्या पडलेल्या पीटच्या जमिनी पेटल्या, आणि त्यांचा धूर शेजारच्या देशांवर कित्येक आठवडे पसरून राहिला. आयर्लंडमध्ये पीट हे घरोघरचे जळण होते. तेथे १९४६ साली पीट काढण्यासाठी सरकारी महामंडळ स्थापन झाले. त्याच महामंडळाने २०२१ साली आपल्या जमिनींवरील पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले आणि दलदलीत पुन्हा पाणी साठवण्याचे काम हाती घेतले. तीन पिढ्यांचा धंदा सोडणे त्या कामगारांना सोपे गेले नसेल. पण पुन्हा न मिळणारी वस्तू आपण विकत आहोत, हे त्या देशाने ओळखले.

आपल्या बागेपुरता हा प्रश्न दूरचा वाटेल. तो तसा नाही. कॅनडातून आणि बाल्टिक देशांतून पीटच्या गोण्या आपल्या बाजारात येतात. दुसरीकडे, मॉस म्हणून जे विकले जाते त्यातले सारे स्फॅग्नम असतेच असे नाही. हिमालयातील ओकच्या बुंध्यांवरून आणि खडकांवरून खरवडलेल्या इतर हरिताही त्यात असतात. डोंगरावरची हरिता पावसाचे पाणी अडवते आणि सावकाश झऱ्यांना देते. ती खरवडून नेली की पाणी एकदम वाहून जाते आणि उन्हाळ्यात झरा आटतो. तिकडे डोंगरातल्या बाईची घागर रिकामी राहावी आणि इकडे आपली कुंडी ओली राहावी, हा व्यवहार न्यायाचा नाही.

सुदैवाने आपल्या हाताशी पर्याय आहे, आणि तोही टाकाऊ समजल्या गेलेल्या वस्तूचा. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो, त्याला आता कोकोपीट म्हणतात. एके काळी केरळात आणि कोकणात त्याचे ढीग नुसते पडून असत. तो वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो, त्याची आम्लता सौम्य असते, वाळल्यावरही तो सहज भिजतो, आणि नारळ तर दर वर्षी येतो. त्याचा एक दोष आहे: सोडणे खाऱ्या पाण्यात भिजवलेली असतील तर भुशात मीठ राहते. म्हणून तो गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन, निथळून मगच वापरावा. एक भाग धुतलेला भुसा, एक भाग पालापाचोळ्याचे किंवा गांडुळांचे खत आणि एक भाग माती, असे मिश्रण घरच्या बहुतेक झाडांना पुरते. पावसाळी प्रदेशात त्यात थोडी जाड वाळू घालावी.

मग मॉस मुळीच वापरू नये काय? तसे नव्हे. गुटी बांधण्यासाठी, नाजूक ऑर्किडच्या मुळांभोवती गुंडाळण्यासाठी, कीटकभक्षी वनस्पतींसाठी मूठभर मॉस वापरावे. तेथे त्याचे काम दुसऱ्याने तितके चांगले होत नाही. कलम उतरवल्यावर प्लॅस्टिक काढून टाकावे, पण मुळांत गुंतलेले मॉस तसेच राहू द्यावे. गोणीभर पीट मात्र बागेत ओतू नये. जे काम नारळाचा भुसा करतो, त्यासाठी हजार वर्षांचा थर खणणे म्हणजे चूल पेटवण्यासाठी घराचे वासे काढण्यासारखे आहे.

स्फॅग्नमचा सारा मोठेपणा थांबवून ठेवण्यात आहे: पाणी थांबवणे, कुजणे थांबवणे, कार्बन थांबवणे. आपण तिचा उपयोग करताना हा गुण राखला तर ती पुढेही उपयोगी पडेल. पुढच्या पावसाळ्यात अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरेल तेव्हा ते जरूर घासून काढावे, कारण पाय घसरतो हे खरेच आहे. पण परसातल्या दगडावर, झाडाच्या बुंध्यावर, विहिरीच्या आतल्या चिऱ्यांवर ते दिसले तर राहू द्यावे. तेथे ते कोणाचे काही नेत नाही. उलट पडलेल्या पावसातला थोडा वाटा तुमच्यासाठी राखून ठेवते.